घराला जाग हवी

माझं ठाकुर्लीचं घर सांभाळायला एक कंपनी होती आणि मुलाचं ठाण्याचं घर सांभाळायला मी होते. यात काही चमत्कारिक आहे हे बरेच दिवस माझ्या लक्षातच आलं नाही. आलं तेव्हाही मी ते कुणापाशी बोलले नाही. दिवसभरात माझ्याशी बोलायचा तो इंटरकॉमवरचा वॉचमन, आणि तोही एवढंच विचारायचा, "मॅडम, बाजूच्या फ्लॅटचं पार्सल तुमच्याकडे ठेवू का?"

यजमान गेले तेव्हा मुलगा म्हणाला होता, "आई, ठाकुर्लीत एकटी काय करणार तू? आमच्याकडे ये." घोडबंदर रोडवर त्याने नुकतंच तीन बेडरूमचं घर घेतलं होतं. इतक्या वरचं, की खिडकीतून येऊरचे डोंगर समोरासमोर दिसायचे. मी गेले. नातू तेव्हा बालवाडीत होता. त्याला शाळेच्या बसमध्ये बसवायचं, दुपारी उतरवून घ्यायचं, वरणभाताचा एकेक घास काऊचा-चिऊचा करून भरवायचा, यात मला दिवस पुरायचा नाही. मग मुलाला कॅनडात नोकरी लागली. "तीन वर्षांचाच प्रश्न आहे," तो म्हणाला. विमानतळावर निघताना मला जवळ घेऊन म्हणाला, "तू आहेस म्हणून घराची काळजी नाही बघ. घराला जाग राहील."

हे बोलणं त्याचं नव्हे, माझंच. घर कधी बंद ठेवू नये, दिवेलागणीला घरात माणूस हवं, घराला जाग हवी, हे मी त्याला लहानपणापासून ऐकवत आले होते. गणपतीला आम्ही कोकणात गावी जायचो तेव्हासुद्धा समोरच्या वहिनींकडे किल्ली देऊन जायचे आणि संध्याकाळी देवापाशी दिवा लावायला सांगायचे. त्यामुळे मुलाने माझंच बोलणं मला परत केलं तेव्हा नाही म्हणायची सोय उरली नाही. आणि खरं सांगू? मला ते ऐकून बरंही वाटलं होतं. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय, यासारखं सुख म्हातारपणी दुसरं नाही.

तर मी त्या घराची जाग झाले. सकाळी उठून सगळ्या खोल्यांच्या खिडक्या उघडायच्या, संध्याकाळी सगळ्या खोल्यांतले दिवे लावायचे, तासाभराने एकेक करत मालवायचे. समोरच्या टॉवरमधल्या लोकांना वाटलं पाहिजे, घर भरलेलं आहे. त्यांना काय वाटायचं कोण जाणे. त्यांच्याही निम्म्या खिडक्या अंधारातच असायच्या. नातवाच्या खोलीत त्याचा छोटा पलंग होता, कठडा लावलेला. त्याच्यावरची चादर मी नेमाने बदलायचे. तिच्यावर कुणी झोपत नव्हतं, तरी मला ती मळकी वाटायची. भात एका माणसापुरता लावायचं मला शेवटपर्यंत जमलं नाही. उरलेला दुसऱ्या दिवशी फोडणीला टाकायचे, आणि फोडणीचा भात मला मुळात आवडत नाही. पण टाकून द्यायला हात धजत नाही, त्याला काय करणार!

रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल व्हायचा. तिकडे त्यांची शनिवारची रात्र. नातू पडद्यावर येऊन "हाय आजी" म्हणायचा आणि निघून जायचा. सून मागे भांडी लावताना हात हलवायची. मुलगा विचारायचा, "घर ठीक आहे ना?" मी म्हणायचे, "ठीक आहे." फोन बंद झाला की दिवसभर काय करायचं, हा प्रश्न रविवारी जास्तच मोठा व्हायचा.

माझं स्वतःचं घर ठाकुर्लीला, स्टेशनपासून चालत जाण्याजोगं, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. आम्ही दोघांनी नोकऱ्या करून, हप्ते फेडून घेतलेलं. ते बंद ठेवणं मला पटणारच नव्हतं, म्हणून मी ठाण्याला आल्यावर एका दलालाला धरून ते भाड्याने दिलं. हात दाखवून अवलक्षण! दोघंच राहणार म्हणून आलेल्या मुलांचे बघता बघता सहा जण झाले. खालच्या मजल्यावरचे काका फोनवर ओरडायचे, "अहो, तुमच्या बाथरूमचं पाणी आमच्या पानात टिपकतंय!" सोसायटीचा सेक्रेटरी विचारायचा, भाडेकरूंची पोलिसांत नोंद केलीत का? दलाल फोनच उचलायचा नाही. प्लंबरच्या मागे मी ठाण्याहून ठाकुर्लीला खेटे घातले. एक प्लंबर बाथरूमची फरशी उकरून ठेवून गावी गेला, तो परत आलाच नाही.

हे सगळं मी रविवारच्या फोनवर मोठ्या रंगात येऊन सांगत असे. सांगायला काहीतरी होतं ना! पण मुलाला वाटलं, आईला त्रास होतोय. त्याने तिकडे बसल्या बसल्या शोधाशोध केली आणि घरं सांभाळणारी एक कंपनी ठरवून टाकली. "आई, हे प्रोफेशनल लोकांचं काम आहे. तू नको धावपळ करूस."

कंपनीचा मॅनेजर आला. कल्याणचा, तिशी-पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट आणि बोलणं तुटक. पहिल्या भेटीत तो मला मॅडम म्हणाला, दुसऱ्या भेटीत काकू. मी त्याला मनातल्या मनात नापास करून ठेवला होता. माझं घर मला कळत नाही आणि या परक्या माणसाला कळणार होय? पण त्याने काम केलं, हे कबूल करायला हवं. त्या सहा मुलांना त्यांची मुदत संपताच भांडण न करता बाहेर काढलं. खालच्या काकांकडे जाऊन आधी त्यांचं सगळं गाऱ्हाणं ऐकून घेतलं, मग बाथरूमचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं आणि काम झाल्यावर त्यांच्याच छताला त्यांचा हात लावून दाखवला. ते काका पुन्हा कधी मला फोन करून ओरडले नाहीत. नंतर नोकरी करणारं एक तरुण जोडपं त्याने भाडेकरू म्हणून आणलं. त्यांच्या कचेरीत चौकशी, करारनाम्याची नोंदणी, पोलिसांकडची नोंद, सोसायटीची परवानगी, सगळं त्याने केलं. मला ठाण्याच्या सोफ्यावरून उठावंसुद्धा लागलं नाही.

त्याची एक पद्धत होती. नवा भाडेकरू आत येण्याआधी तो घराचा व्हिडिओ काढायचा. प्रत्येक भिंत दाखवून, प्रत्येक नळ सुरू करून, प्रत्येक दिवा लावून, आणि मागे त्याचा तो तुटक आवाज: "स्वयंपाकघर, ओट्याखालची कपाटं, दोन बिजागऱ्या नवीन." भाडेकरू असतानाही तीन महिन्यांनी एकदा, त्यांना आधी विचारून, जाऊन बघून यायचा आणि मला फोन करायचा. भिंतीला ओल नाही. नळ गळत नाही. हॉलमधला पंखा आवाज करत होता, तेल घातलं. तो व्हिडिओ मी लग्नाची जुनी कॅसेट बघावी तशी पुन्हा पुन्हा बघत बसायचे. हळूहळू मला माझ्याच घराचा हेवा वाटायला लागला. त्याच्या पंख्याच्या आवाजाची कुणीतरी दखल घेत होतं. माझे गुडघे वाजायचे ते फक्त मला ऐकू यायचे.

एकदा सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटची प्रत न्यायला तो ठाण्याला आला. मी चहा टाकला. तो हॉलमध्ये उभा राहिला आणि नाक वाकडं करून म्हणाला, "काकू, पाहुण्यांचं बाथरूम वापरत नाही का?"

"पाहुणे आले की वापरीन," मी म्हटलं.

तो सरळ आत गेला, नळ सोडला, फरशीतल्या जाळीत दोन बादल्या पाणी ओतलं. "आतलं पाणी सुकलं की गटाराचा वास वर येतो. आठवड्यातून एकदा पाणी सोडत जा." मग विचारून मुलाच्या खोलीत डोकावला आणि कपाट जरा पुढे ओढलं. मागची भिंत बुरशीने काळी झाली होती. "बंद घरांत हे होतंच, काकू."

"बंद घर?" माझा आवाज चढला. "मी राहते इथे."

तो ओशाळला. "सॉरी काकू, तसं नव्हतं म्हणायचं." चहा न फुंकताच प्यायला आणि गेला. मी त्या काळ्या भिंतीसमोर बसून राहिले. रोज त्या खोलीत दिवा लावत होते मी. राग त्याच्यावर काढला, पण खरं म्हणजे मला रडू येत होतं.

पुढे त्याचाच फोन आला. ठाकुर्लीच्या जोडप्याला शहाडला त्यांच्या नव्या घराचा ताबा मिळत होता, ते महिन्याभरात घर सोडणार होते. "नवीन पार्टी बघायला सुरुवात करू ना, काकू? दोन चौकश्या आहेतच माझ्याकडे."

एरवी मी हो म्हणाले असते. त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "थांबा जरा." फोन ठेवला आणि मला कळलं की मी का थांबवलं. मला माझ्या घरी जायचं होतं. इतकं साधं होतं ते, आणि ते मनात आल्याबरोबर मला अपराध्यासारखं वाटायला लागलं. मी गेले तर मुलाच्या घराकडे कोण बघणार? ते लोक परत येतील तेव्हा त्यांनी दार उघडून काय बघायचं, जळमटं आणि धूळ? आणि नाही गेले, नवा भाडेकरू आला, तर माझं वय काही माझ्यासाठी थांबणार नव्हतं. तिथला जिना मला चढवेल अशी ही शेवटचीच काही वर्षं होती.

घर रिकामं करून घ्यायच्या दिवशी मी मुद्दाम गेले. जोडपं सामान हलवून किल्ल्या द्यायला थांबलं होतं. मुलीने मला वाकून नमस्कार केला, म्हणाली, "काकू, तुमचं घर आम्हाला लाभलं हो." मॅनेजर फोनवर जुना व्हिडिओ लावून एकेक भिंत ताडून बघत होता. नळ सुरू, नळ बंद. दिवा सुरू, दिवा बंद. सगळं जिथल्या तिथे होतं. मी जमिनीवर बसले, कारण बसायला दुसरं काही नव्हतं. समोरच्या दारावर आता वेगळीच पाटी होती; वहिनी मुलीकडे पुण्याला गेल्या त्यालाही बरेच दिवस झाले. बाहेर भाजीवाल्याची हाक आली, ती ओळखीची नव्हती. इथेही मी एकटीच असणार होते, याबद्दल माझी काही फसगत झाली नव्हती. पण ओट्याची उंची माझ्या हाताला माहीत होती. मला तेवढं पुरे होतं.

जोडपं गेल्यावर मी मॅनेजरला म्हटलं, "नवीन भाडेकरू नको. मला इथे राहायला यायचंय."

"या की मग! तुमचंच घर आहे."

"आणि ठाण्याचं?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मी चेष्टा करतेय असं त्याला वाटलं असावं. "काकू, आम्ही दुसरं काय करतो? ते आम्ही बघू. चांगली फॅमिली ठेवू. भिंतीचं काम पण काढायला पाहिजे, तेही करून घेऊ."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा. ज्या माणसाने माझं घर इतकी वर्षं सांभाळलं तो मुलाचंही सांभाळू शकेल, हे मला सुचलंच नव्हतं. घर सांभाळणं म्हणजे आईने दिवा लावणं, याच्यापुढे माझी मजल गेली नव्हती.

आता प्रश्न होता मुलाला सांगायचा. एक रविवार मी हवापाण्यावर काढला. दुसऱ्या रविवारी मनाशी वाक्यं जुळवून ठेवली. त्याला वाईट वाटेल, तो चिडेल, सून म्हणेल, आईंना आमच्या घराचं काही नाही. या सगळ्याची उत्तरं मी तयार ठेवली होती.

"अरे, मी म्हणत होते, ठाकुर्लीचं घर रिकामं झालंय. मी तिकडे राहायला जाऊ का?"

"जा ना," तो म्हणाला.

"नाही, म्हणजे, तुमच्या घराचं काय?"

"भाड्याने देऊ की! कंपनी आहेच." तो हसला. "अगं, मी तर ते कधीच दिलं असतं. तुझ्यासाठी ठेवलं होतं. लिफ्ट आहे, सिक्युरिटी आहे, तुला तिथे बरं वाटतंय असं वाटलं मला. तू काही बोलली नाहीस कधी."

मी त्याच्यासाठी थांबले होते आणि त्याने माझ्यासाठी घर ठेवलं होतं. दोघांनीही एकमेकांना विचारलं नव्हतं. असं आमच्याच घरात होऊ शकतं. मला हसूच आलं. हसता हसता मी म्हटलं, "अरे, पण तुम्ही परत याल तेव्हा घर रिकामं करून मिळायला हवं हो!"

तिकडे सुनेने मागे नळ बंद केला.

"आई," तो हळूच म्हणाला, "आपलं बोलणं झालं होतं ना? पीआर मिळाला तेव्हा?"

झालं होतं. कायम राहायची परवानगी मिळाली म्हणून त्याने आनंदाने फोन केला होता, आणि मी खाली जाऊन पेढे आणले होते. वॉचमनला दिले, लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी बाईलासुद्धा दिला. तिने विचारलं, कशाबद्दल? मी म्हटलं, मुलाचं चांगलं झालं. पीआर म्हणजे तिथे राहायची परवानगी, हे मला ठाऊक होतं. परवानगी मिळाली की माणूस राहतो, हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

"हो हो, झालं होतं," मी म्हटलं. "मी आपलं असंच म्हटलं."

नातवाची खोली आवरताना मी फोन करून विचारलं, खेळण्यांचं काय करू? पलंगाचं? मुलगा म्हणाला, "देऊन टाक गं. तो आता त्याच्यात मावणार तरी आहे का?" मी पलंगावर शेवटची घातलेली चादर घडी करून घेतली. पलंग वॉचमन घेऊन गेला, त्याच्या पुतण्याला.

पंधरवड्यात कंपनीने भिंतीचं काम केलं, रंग दिला. मुलाच्या कपाटामागची ती भिंत आता इतकी पांढरी होती की मला ओळखू येईना. मॅनेजरने एक कुटुंब आणलं: नवरा-बायको, दोन मुली आणि एक आजी. घर बघायला त्या आजीच पुढे होत्या; त्या मला विचारत होत्या आणि मी सांगत होते, ऊन कुठून येतं, कपडे कुठे वाळतात. नातवाच्या खोलीत त्या मुली उड्या मारत आत शिरल्या आणि कोणाची बाजू कुठली यावर भांडू लागल्या. मी दारातच उभी राहिले.

करार करायला मॅनेजर लॅपटॉप आणि अंगठा घ्यायचं छोटं यंत्र घेऊन आला. मुलाने कॅनडाला जाताना आपल्या वतीने सही करायचा अधिकार माझ्या नावाने करून ठेवला होता. सामान बांधून झालं होतं, आम्ही दोन खोक्यांवर समोरासमोर बसलो. मॅनेजरने पत्ते घातले, रक्कम घातली आणि एका रकान्याशी थांबला.

"काकू, मुदत किती घालू? मालक येणार असतील तर आपण अकरा महिन्यांचंच करतो, म्हणजे ते म्हणतील तेव्हा घर मोकळं करून देता येतं. नसतील येणार, तर पाच वर्षांपर्यंत करता येतं. पार्टी चांगली आहे, पाच वर्षं राहतील. सर कधी येणार आहेत?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. वॉचमनने नाही, नातेवाइकांनी नाही, मी स्वतःला नाही. सगळ्यांना उत्तर माहीत असावं. तो बिचारा रकाना भरायचा म्हणून विचारत होता आणि बोटं कीबोर्डवर ठेवून वाट बघत होता.

"पाच वर्षं घाला," मी म्हटलं. "तो येणार नाहीये."

त्याने टाइप केलं, तोवर मी डोळ्यांवरून अंगठा फिरवला. मग यंत्र माझ्यापुढे सरकवलं. मी अंगठा ठेवला, तो उमटला नाही. पुन्हा ठेवला, पुन्हा नाही.

"काकू, बोट ओलं आहे," तो म्हणाला. "पुसून घ्या."